उनोसुमाईतले दोन सराव

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर इवाते प्रांतात कामाइशी नावाचं शहर आहे आणि उनोसुमाई हे त्याचं एक उपनगर. ओत्सुचीच्या उपसागराच्या टोकाशी, नदीकाठच्या सपाटीवर वसलेलं. पाठीमागे लगेच डोंगर. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत या एवढ्याशा वस्तीत दोन गोष्टी घडल्या. किनाऱ्यालगतच्या दोन शाळांमधून बाहेर पडलेली सगळी मुलं, जवळपास पावणेसहाशे, जिवंत राहिली. आणि वस्तीच्या मधोमध, जेमतेम वर्षापूर्वी उघडलेल्या सरकारी आपत्ती प्रतिबंध केंद्रात आसरा घेतलेली १६० हून अधिक माणसं बुडून मेली.

पहिली गोष्ट जगभर सांगितली गेली. दुसरी जपानबाहेर फारशी कुणी ऐकलेली नाही. माझ्या मते ती ऐकल्याशिवाय पहिलीही अर्धवटच कळते, कारण त्या दुपारी दोन्हीकडच्या माणसांनी जसा सराव केला होता तसंच केलं.

किनारा आणि त्याची आठवण

सानरिकू किनारा दंतुर आहे. उपसागर तोंडाशी रुंद आणि आत येता येता चिंचोळे होत जातात, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. किनाऱ्यापासून साधारण २०० किलोमीटरवर जपानची सागरी घळ आहे. तिथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर या गतीने जपानखाली सरकतो. तो अडकतो, ताण साठतो आणि कधीतरी सुटतो.

इथल्या लोकांना त्सुनामी नवी नव्हती. १८९६ मध्ये सुमारे २२,००० माणसं गेली. त्या वेळच्या कामाइशी गावातली निम्म्याहून अधिक वस्ती एका संध्याकाळी संपली. १९३३ मध्ये पुन्हा सुमारे ३,००० बळी. १९६० मध्ये चिलीत झालेल्या भूकंपाची लाट सबंध पॅसिफिक ओलांडून आली. किनाऱ्यावर जागोजागी दगड उभे आहेत. आनेयोशी नावाच्या वाडीतल्या दगडावर तर स्पष्ट कोरलंय की याच्या खाली घर बांधू नका.

यातली १८९६ ची घटना मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्या दिवशी धक्का अगदीच सौम्य होता. सणाचा दिवस, लोक घरात जेवत-गप्पा मारत होते. हादरा जाणवला तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अर्ध्या तासाने समुद्र आला. समुद्रतळावरची भेग सावकाश सरकली की जमिनीवर हादरे कमी जाणवतात, पण पाणी मात्र तेवढंच उचललं जातं. म्हणजे ‘जोरात हललं तर पळा’ हा नियमसुद्धा पुरेसा नाही. बराच वेळ मंद हेलकावे आले तरी पळायला हवं.

या आपत्तींमधून सानरिकूत एक शिकवण रुजली: त्सुनामी तेंदेंको, म्हणजे ज्याने त्याने आपापलं पळावं. पहिल्यांदा ऐकताना ती अतिशय निष्ठुर वाटते. आईने लेकराला सोडून पळावं? पण यामागचा हिशेब साधा आहे. १८९६ मध्ये कुटुंबंच्या कुटुंबं गेली ती एकमेकांना शोधण्यात. मूल शाळेतून थेट डोंगरावर जाणार ही आईची खात्री असेल, तर ती त्याच्यासाठी खाली येणार नाही. आई आपल्याला शोधायला येणार नाही, तीही वर गेलेली असेल हे मुलाला ठाऊक असेल, तर ते घरात तिची वाट बघत बसणार नाही. त्यामुळे ही शिकवण लाट येते त्या दिवशी पाळायची म्हणून पाळता येत नाही. आधी कधीतरी, निवांतपणी, घरात तिच्यावर बोलणं होऊन विश्वास बसलेला असावा लागतो.

रेषेच्या बाहेर

२०११ पूर्वी कामाइशीकडे धोक्याचा नकाशा होता. आपल्याकडची पूररेषा असते तसाच तो: इथपर्यंत पाणी येईल असं रंगवलेलं, त्यापलीकडे कोरं. जुन्या त्सुनामी आणि त्या काळी अपेक्षित असलेला भूकंप यांवरून ही रेषा काढली होती. उनोसुमाईची प्राथमिक शाळा, तिच्या शेजारचं कामाइशी पूर्व माध्यमिक विद्यालय आणि आपत्ती प्रतिबंध केंद्र, तिन्ही इमारती रेषेबाहेर पडत होत्या. किनाऱ्याला ६.४ मीटर उंचीची भिंत होती.

शहराच्या मुख्य उपसागरात तर त्याहून मोठं काम झालं होतं. ६३ मीटर खोल पाण्यातून वर आणलेला लाटरोधक बांध २००९ मध्ये पुरा झाला. बांधायला तीसेक वर्षं लागली. सर्वांत खोल बांध म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. २०११ च्या लाटेने तो मोडला. नंतरच्या गणितानुसार त्याने पाण्याची उंची बरीच कमी केली आणि शहरात पाणी घुसायला काही मिनिटं उशीर केला, म्हणजे तो अगदीच वाया गेला असं नाही. पण उनोसुमाई दुसऱ्या उपसागरावर आहे. तिथल्या लोकांना या बांधाचा उपयोग नव्हता. ‘आमच्या शहरात जगातला सर्वांत खोल बांध आहे’ ही भावना मात्र सगळ्या शहरात असणार, आणि भावना काही उपसागर बघून थांबत नाही.

शाळेतला सराव

गुन्मा विद्यापीठातले आपत्तिव्यवस्थापनाचे प्राध्यापक तोशिताका कातादा २००४ पासून कामाइशीत काम करत होते. सुरुवात मोठ्यांसाठीच्या व्याख्यानांपासून झाली. दर वेळी तीच ठरावीक माणसं यायची, जी आधीपासूनच जागरूक होती. मग त्यांनी मोर्चा शाळांकडे वळवला. विचार असा की आजचा शाळकरी मुलगा दहा वर्षांत मोठा होईल, आणखी दहा वर्षांत बाप होईल. शिवाय मूल घरी जाऊन बोलतं, आणि त्याचं ऐकावं लागतं.

त्यांचं एक काम मला विशेष आवडतं. मुलांना प्रश्न दिला: तू घरी एकटा आहेस आणि मोठा भूकंप झाला, तर काय करशील? बहुतेकांनी लिहिलं की आईला फोन करीन, आई-बाबा येईपर्यंत थांबीन. उत्तरं तपासून गुण दिले नाहीत. कागद घरी पाठवला आणि पालकांना विचारलं: तुमच्या मुलाने असं केलं, तर ते वाचेल असं तुम्हाला वाटतं का? कुठलंही व्याख्यान जे करू शकलं नसतं ते त्या एका कागदाने केलं. तेंदेंकोची गोष्ट आजोबांच्या तोंडून निघून स्वयंपाकघरात आली.

शिकवायचं काय, यावर शिक्षकांशी बसून काम झालं आणि २०१० पर्यंत एक हस्तपुस्तिका तयार झाली. त्सुनामीसाठी वेगळा तास नव्हता. नेहमीच्या विषयांतच ती आली. गणिताचं उदाहरण घ्या. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ५,००० मीटर खोलीवर ती ताशी जवळपास ८०० किलोमीटरने धावते, म्हणजे विमानाच्या वेगाने. किनाऱ्याशी खोली १० मीटर उरली की ताशी ३६ किलोमीटर. ऐकायला हळू वाटतं, पण शंभर मीटर शर्यतीचा जगज्जेतासुद्धा सबंध शर्यत साधारण याच वेगाने धावतो, तेही दहाच सेकंद. लाट दिसल्यावर पळून उपयोग नाही, हे मुलाने स्वतः भागाकार करून काढलं की ते विसरत नाही.

कातादांची तीन सूत्रं होती. गृहीत धरलेल्या आकड्यावर विसंबू नका. त्या क्षणी शक्य तेवढं सगळं करा. आणि सर्वांत आधी तुम्ही पळा, म्हणजे बाकीचे पळतील. पहिलं सूत्र विचित्र वाटतं, कारण नकाशा त्यांच्याच हातात होता आणि ते मुलांना सांगत होते की यावर विश्वास ठेवू नका. नकाशा मिळाला की माणूस आधी आपलं घर शोधतो. ते रंगाबाहेर असलं की सुस्कारा सोडतो आणि नकाशा मिटतो. आपल्याला सावध करायला काढलेला कागद आपल्याला निर्धास्त करून जातो.

तिसऱ्या सूत्रामागे माणसाचा स्वभाव आहे. घंटा वाजली तरी माणूस आधी बाजूला बघतो: कुणी उठतंय का? कुणीच उठलं नाही तर तोही बसून राहतो. पहिल्या पळणाऱ्याला लाज वाटते. मुलांना ती लाज सोडायला शिकवलं होतं.

पूर्व माध्यमिक विद्यालयाने यात स्वतःची भर घातली. मुलांनी ‘आम्ही बाहेर पडलो आहोत’ असं सांगणाऱ्या पाट्या बनवून घरोघरी वाटल्या. दारावर पाटी दिसली की शेजाऱ्याने आत शोधत बसू नये. प्राथमिक शाळेबरोबर एकत्र सराव केले, त्यात मोठ्यांनी लहानांचे हात धरून पळायचं आणि हातगाडी ओढून बघायची. पोरांनी हे कंटाळतच केलं असेल. सरावाचं तसंच असतं.

२ वाजून ४६ मिनिटं

तीव्रता ९.०. हादरे मिनिटं-मिनिटं चालले. शाळा सुटण्याच्या सुमाराची वेळ होती. वीज गेल्याने माध्यमिक विद्यालयात ध्वनिक्षेपक बंद पडला आणि सूचना देता येईना. मुलं सूचनेसाठी थांबली नाहीत. शेजारी प्राथमिक शाळेत मुलांना आधी तिसऱ्या मजल्यावर जमवलं होतं. नकाशाप्रमाणे ते चुकीचं नव्हतं. थोड्याच वेळात तीही खाली उतरून मोठ्या मुलांच्या मागे लागली.

पहिला थांबा सुमारे ८०० मीटरवरचं वृद्धाश्रमवजा केंद्र, गोझाइशो-नो-सातो. सरावात ठरलेली जागा हीच. सराव इथे संपत होता, त्या दिवशी संपला नाही. इमारतीमागचा कडा ढासळतोय हे तिथल्या एका वयस्क बाईंच्या लक्षात आलं; असं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. तिथून मुलं आणखी वर, यामाझाकीच्या दिवसभराच्या सेवाकेंद्राकडे निघाली. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते, वाटेत भेटलेल्या पाळणाघरातल्या बाळांच्या गाड्या ढकलल्या. दुसऱ्या थांब्यावर पोचेपोचेतो मागे वस्तीवर पाण्याचा आणि धुळीचा लोट दिसू लागला. मुलं पुन्हा पळाली, थेट खिंडीकडच्या रस्त्यापर्यंत.

पहिला थांबा पाण्याखाली गेला. दोन्ही शाळा बुडाल्या. प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यात, म्हणजे मुलं आधी जिथे जमवली होती त्याच मजल्यात, नंतर एक मोटार अडकलेली सापडली.

कामाइशी शहरात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून जवळपास ३,००० मुलं होती. त्यांतली ९९.८ टक्के वाचली. पाच दगावली; त्या वेळी ती शाळेच्या देखरेखीखाली नव्हती. उनोसुमाईच्या मुलांबरोबर निदान शिक्षक तरी होते. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या कामाइशी प्राथमिक शाळेची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथे शाळा लवकर सुटली होती. १८४ मुलांपैकी बहुतेक घरी, रस्त्यात, मित्राकडे, कुणी मासे धरायला, अशी पांगलेली. कुणीच त्यांना रांगेत उभं करायला नव्हतं. सगळीच्या सगळी वाचली, काहींनी तर घरच्या मोठ्यांना ओढून वर नेलं.

वर्तमानपत्रांनी याला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हटलं. तेव्हाच्या मुलांपैकी काहींना हे नाव पटलं नाही, आणि पुढे शहरानेही ते वापरणं सोडलं. कारण उघड आहे. त्या मुलांपैकी कित्येकांचे आई-बाप, आजी-आजोबा परत आले नाहीत. प्राथमिक शाळेतल्या एक कर्मचारी बाई मागे राहिल्या आणि गेल्या. शहरात हजाराहून अधिक मृत आणि बेपत्ता, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या उनोसुमाईतले. मुलांचं नाव घेऊन टाळ्या वाजवणं सोपं होतं. त्याच वस्तीतली मोठी माणसं का मेली, हे विचारणं अवघड.

केंद्रातला सराव

उनोसुमाई भागाचं आपत्ती प्रतिबंध केंद्र फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झालं. दोन मजली, काँक्रीटची, नवी इमारत. त्यात अग्निशमन दलाची शाखा आणि महापालिकेचं स्थानिक कार्यालय. नाव दारावर मोठ्या अक्षरांत. वस्तीच्या मध्यात, सपाट जमिनीवर.

शहराच्या आराखड्यात दोन प्रकारच्या जागा होत्या. एक, लाट येण्याआधी तडक गाठायची उंचावरची जागा. उनोसुमाईत ती म्हणजे डोंगरउतारावरची देवळांची आवारं. दुसरी, धोका टळल्यानंतर घर गमावलेल्यांनी दिवस काढायची जागा, जिथे छप्पर, अंथरुणं, पाणी, शौचालय असेल. केंद्र दुसऱ्या प्रकारात होतं. त्सुनामीच्या वेळी तिथे जायचं नव्हतं. हे कागदावर होतं.

आता लोकांच्या बाजूने बघा. उतारावरच्या देवळाच्या आवारात छप्पर नाही. मार्चमध्ये इथे बर्फ पडतं. वस्ती म्हाताऱ्यांची, गुडघे धरलेल्या माणसाला तो चढ म्हणजे शिक्षा. सरावाला माणसं येईनात. तेव्हा स्थानिकांनी विचारलं की निदान सरावापुरतं तरी केंद्रात जमलं तर चालेल का, आणि महापालिकेने हो म्हटलं. ३ मार्च २०११ रोजी, १९३३ च्या त्सुनामीच्या स्मृतिदिनी, त्याप्रमाणे सराव झाला. उपस्थिती चांगली होती, शंभरेक लोक.

आठ दिवसांनी खरी लाट आली आणि लोक सरावात गेले होते तिथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छताला टेकायला आलं. आत असलेल्यांपैकी थोडेच वाचले.

हा निर्णय घेणाऱ्यांना मूर्ख ठरवणं मला जमत नाही. एकेक पायरी तपासली तर प्रत्येक वाजवी वाटते. म्हाताऱ्यांना चढ जमत नाही, खरं. सरावाला कुणीच न येण्यापेक्षा आलेलं बरं, खरं. उपस्थिती वाढली, हेही खरं. चूक दिसते ती तेव्हा, जेव्हा विचारावं की सरावात मोजायचं काय? डोकी मोजली तर ३ मार्चचा सराव उत्तम झाला. उंची मोजली असती, म्हणजे दहा मिनिटांनंतर कोण समुद्रसपाटीपासून किती मीटर वर होतं हे पाहिलं असतं, तर तो साफ फसलेला दिसला असता.

आणि ‘सरावापुरतं’ असं काही शरीराला कळत नाही. घाबरलेला माणूस आराखडा आठवत नाही. पाय गेल्या वेळी गेले तिकडेच जातात. मुलांच्या बाबतीत हेच घडलं, केंद्राच्या बाबतीतही. फरक इतकाच की मुलांच्या सरावात ‘इथे पोचलो म्हणजे झालं’ असं शिकवलेलं नव्हतं. पहिला थांबा धोक्यात दिसताच ती पुढे निघाली. केंद्रात आलेल्यांपुढे पुढचा थांबा नव्हताच. दार लावून बसलेल्याला मागचा कडाही दिसत नाही.

तीन मीटर

त्या दिवशीच्या इशाऱ्याचा भागही तपासायला हवा. जपानच्या हवामान संस्थेने भूकंपानंतर तीनच मिनिटांत इशारा दिला, ही गती जगात क्वचितच दिसते. पण पहिल्या अंदाजात तीव्रता ७.९ धरली गेली. एवढ्या प्रचंड भूकंपात नेहमीची पद्धत आकडा कमी दाखवते आणि अचूक मोजणारी देशातली उपकरणं हादऱ्यांनी मापाबाहेर गेली होती. म्हणून इवातेसाठी लाटेची उंची सांगितली ३ मीटर.

६.४ मीटरच्या भिंतीमागे राहणाऱ्या माणसाने तीन हा आकडा ऐकला, वजाबाकी केली आणि घर आवरत बसला. असे अनेक होते. ३ वाजून १२ मिनिटांनी कामाइशीच्या समोर समुद्रात तरंगणाऱ्या जीपीएस तरंडकाने ६.७ मीटरची उसळी नोंदवली. ती पाहून दोन मिनिटांत अंदाज ६ मीटरवर आणि पुढे १० मीटरहून अधिकवर नेला. तोवर वीज गेली होती, टीव्ही बंद होते. सुधारित आकडा अनेकांपर्यंत पोचलाच नाही.

शिवाय आधीच्या हुलकावण्या होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये चिलीच्या भूकंपानंतर मोठा इशारा दिला गेला होता, लाट आली ती त्याहून बरीच लहान. ९ मार्च २०११ लाही, म्हणजे दोनच दिवस आधी, ७.३ चा भूकंप झाला आणि किरकोळ पाणी आलं. लांडगा आला रे आला.

सुधारणा काय झाली? मार्च २०१३ पासून, अतिमोठ्या भूकंपाची तीव्रता नक्की कळलेली नसताना ही संस्था पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाही. ‘प्रचंड’ असा शब्द वापरते. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. अर्धवट माहितीवरचा अचूक आकडा माणसाला हिशेबाला बसवतो. आकडाच नसला की तो उठून पळण्याची शक्यता जास्त.

शेजारच्या प्रांतात

कामाइशीबरोबर ओकावाचं नाव घ्यावंच लागतं. मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी शहरातल्या या प्राथमिक शाळेत भूकंपानंतर सुमारे तीन-चतुर्थांश तास मुलं मैदानात उभी होती. शाळेमागे डोंगर होता. कुठे जायचं यावर मोठ्यांचं एकमत होत नव्हतं. अखेर निघाली ती नदीवरच्या पुलाजवळच्या थोड्याशा उंचवट्याकडे, आणि पाणी समोरून आलं. ७४ मुलं आणि १० शिक्षक व कर्मचारी गेले. ही शाळाही नकाशातल्या रेषेच्या बाहेर होती.

पालक न्यायालयात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो कायम झाला. शाळा आणि शिक्षण विभागाने आपत्तीच्या आधीच नीट आराखडा करायला हवा होता, ठिकाण नेमकं ठरवायला हवं होतं, आणि नकाशावर डोळे झाकून विसंबायला नको होतं, असं न्यायालयाने मानलं. कातादांचं पहिलं सूत्र आता कायद्याच्या भाषेतही आलं, इतक्या उशिरा.

केंद्राच्या प्रकरणातही खटला झाला. जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये दावा फेटाळला. वरच्या न्यायालयात २०१८ मध्ये तडजोड झाली.

पुढे काय बदललं

सर्वांत थेट बदल २०१३ च्या कायदादुरुस्तीत आहे. जपानच्या आपत्ती प्रतिबंधक मूलभूत कायद्यात दोन जागा वेगळ्या केल्या गेल्या: जीव वाचवायला तातडीने गाठायची जागा आणि नंतर राहायची जागा. तातडीची जागा आपत्तीच्या प्रकाराप्रमाणे ठरवायची. पुरात चालणारी इमारत भूकंपात चालेलच असं नाही, भूकंपातली त्सुनामीत नाही. फलकावर त्या त्या आपत्तीचं चिन्ह असतं. उनोसुमाईच्या केंद्रावर असा फलक असता, तर किती लोक परत फिरले असते, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही.

केंद्राची इमारत पाडली. जागेवर आता स्मृतिस्थळ आणि माहिती देणारं संग्रहालय आहे. दोन्ही शाळा डोंगर फोडून उंचावर नेल्या. जुन्या शाळांच्या जागी मैदान झालं, तिथे २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचा फिजी विरुद्ध उरुग्वे हा सामना झाला. त्याच मैदानावरचा दुसरा सामना वादळामुळे रद्द करावा लागला. किनाऱ्यावरची भिंत आता १४.५ मीटर आहे. खाली उभं राहिलं की समुद्र दिसत नाही, आणि यावर तिथे आजही दोन मतं आहेत.

म्हाताऱ्यांचा प्रश्न मात्र ३ मार्च २०११ ला होता तिथेच बऱ्याच अंशी आहे. त्यांना चढ जमत नव्हता म्हणून सराव खाली आणला गेला. चढ अजूनही आहे आणि वस्ती त्यानंतर आणखी म्हातारी झाली आहे. ज्यांना मदतीशिवाय हलता येत नाही अशांच्या याद्या करणं २०१३ पासून नगरपालिकांना बंधनकारक आहे, आणि २०२१ पासून प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो: कोण येणार, कुठल्या वाटेने नेणार, कशावर बसवून. यादीत मदतनीस म्हणून नाव घालायला पुढे येणारा माणूस मिळवणं, हेच सर्वांत जड काम.

आणि तो माणूस मिळाला तरी पेच संपत नाही. २०११ मध्ये इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांत मिळून स्वयंसेवी अग्निशमन पथकांतले २५४ जण मृत वा बेपत्ता झाले. कुणी भिंतीतली दारं बंद करायला गेले होते, कुणी घरोघर हाका मारायला. लोककल्याणाचं काम बघणारे ५६ स्थानिक स्वयंसेवकही गेले. तेंदेंको त्यांना लागू नव्हतं का? त्यानंतर अनेक ठिकाणी पथकांसाठी नियम झाला: लाट पोचण्याच्या अंदाजित वेळेच्या ठरावीक मिनिटं आधी हातातलं काम टाकून सगळ्यांनी वर जायचं, दार बंद झालं असो वा नसो, आजी उठल्या असोत वा नसोत. हा नियम सरावात घालावा लागतो, नाहीतर त्या क्षणी कुणाचे पाय उचलत नाहीत. घड्याळ लावून सराव करताना वेळ संपली की मदतनीसाने खुर्चीतल्या माणसाला तिथेच सोडून निघायचं, आणि खुर्चीतल्या माणसाने आधीच त्याला ‘जा’ म्हणून ठेवलेलं असायचं. असा सराव घ्यायला किती गावं तयार होतील, हे मला अजून समजलेलं नाही.